नेब्रास्काच्या जुन्या चाहत्यांना नेमके काय हरवल्यासारखे वाटते?

अमेरिकेच्या मध्यावर असलेल्या नेब्रास्का राज्याचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळपास दोन-तृतीयांश आहे, पण तिथली लोकसंख्या नागपूर शहराहूनही कमी, म्हणजे २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे १९ लाख ६१ हजार आहे. मका आणि सोयाबीनची शेते, गुरांचे गोठे आणि त्यांच्यामध्ये लांब लांब अंतरावर वसलेली लहान गावे असे हे राज्य आहे. कोणत्याही मोठ्या खेळातला मोठा व्यावसायिक संघ तिथे नाही. असे असूनही दरवर्षी सप्टेंबर ते नोव्हेंबरमधल्या सहा-सात शनिवारी राजधानी लिंकनमधल्या मेमोरियल स्टेडियममध्ये पंच्याऐंशी हजारांच्या आसपास माणसे लाल कपडे घालून बसतात. ओमाहा आणि लिंकन ही दोन शहरे वगळली, तर राज्यातल्या कोणत्याही गावात एवढी माणसे राहत नाहीत. ती ज्या संघासाठी येतात, तो नेब्रास्का विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा फुटबॉल संघ आहे. त्याचे नाव कॉर्नहस्कर्स, म्हणजे मक्याची कणसे सोलणारे.

या संघाच्या साठी ओलांडलेल्या चाहत्यांना आजच्या सामन्यांपेक्षा जुने सामने जास्त जवळचे वाटतात. त्यांच्याकडे १९७१, १९८४, १९९५ ही वर्षे घरातल्या मुलांच्या जन्मवर्षांसारखी तोंडपाठ असतात. बाहेरच्या माणसाला हे म्हातारपणाचे सामान्य लक्षण वाटते: तेव्हा जिंकत होते, आता हरतात, म्हणून जुने दिवस गोड. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. त्यांच्या हळहळीत मनाचा एक खेळ निश्चितच आहे, पण त्याबरोबर एका प्रत्यक्ष मोडीत निघालेल्या व्यवस्थेची अचूक जाणीवही आहे. या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या, तरच ही भावना नीट समजते.

इथे ज्या फुटबॉलची गोष्ट आहे, तो आपल्याकडे पायाने खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये लांबट चेंडू हातात घेऊन पळतात किंवा पुढे फेकतात. आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात, आणि चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचला की सहा गुणांचा टचडाउन होतो. त्यानंतर चेंडू लाथेने दोन खांबांमधून पाठवून आणखी एक गुण घेता येतो, किंवा अगदी जवळून पुन्हा एकदा पट्ट्यात शिरून दोन गुण घेता येतात. हा शेवटचा पर्याय वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण नेब्रास्काची सर्वांत दुखरी आठवण त्याच्याशीच निगडित आहे. दुसरी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे विद्यापीठाच्या संघातला खेळाडू साधारण चार हंगाम खेळून निघून जातो. चाहता चाळिशीत जातो, साठीत जातो, पण मैदानावरचा संघ नेहमी वीस वर्षांचाच राहतो. त्यामुळे चाहत्याचा जीव एखाद्या खेळाडूपेक्षा प्रशिक्षकात, मैदानात, खेळण्याच्या पद्धतीत आणि त्या लाल जर्सीत गुंततो. या गोष्टी टिकून राहतील असे त्याने गृहीत धरलेले असते.

त्यांचे 'जुने दिवस' १९६२ साली सुरू होतात. त्याच्या आदल्या वर्षी संघाने दहापैकी फक्त तीन सामने जिंकले होते आणि त्यामागची काही वर्षेही अशीच गेली होती. १९६२ मध्ये बॉब डिव्हेनी हे प्रशिक्षक शेजारच्या वायोमिंग राज्यातून आले आणि पहिल्याच हंगामात संघाने अकरापैकी नऊ सामने जिंकले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला मिझुरीविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटे संपली. तेव्हापासून आजपर्यंत त्या स्टेडियममधल्या प्रत्येक सामन्याची तिकिटे संपत आली आहेत. २०२४ मध्ये या मालिकेने ४०० सामन्यांचा टप्पा गाठला. कोविडमुळे २०२० चे सामने प्रेक्षकांविना झाले, म्हणून ते या मोजणीत धरले जात नाहीत. डिव्हेनी यांच्या अकरा वर्षांत १०१ विजय, २० पराभव आणि २ बरोबऱ्या अशी कामगिरी झाली, आणि १९७० व १९७१ अशी सलग दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळाली.

त्यातला १९७१ च्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशीचा, म्हणजे २५ नोव्हेंबरचा सामना थोडा थांबून सांगायला हवा. थँक्सगिव्हिंग हा अमेरिकेत सगळे कुटुंब एकत्र जेवण्याचा सण आहे. ओक्लाहोमा राज्यातल्या नॉर्मन गावी देशातला पहिल्या क्रमांकाचा संघ नेब्रास्का आणि दुसऱ्या क्रमांकाचा ओक्लाहोमा समोरासमोर आले. दोघेही अपराजित होते. सुरुवातीलाच नेब्रास्काच्या जॉनी रॉजर्सने प्रतिस्पर्ध्याने लाथेने उंच उडवलेला चेंडू झेलला आणि अंगावर येणाऱ्यांना चुकवत ७२ यार्ड पळून टचडाउन केला. त्यानंतर आघाडी इकडून तिकडे जात राहिली, आणि शेवटचे दीड मिनिट उरले असताना जेफ किनी पट्ट्यात घुसला. नेब्रास्का ३५, ओक्लाहोमा ३१. अमेरिकेत या सामन्याला आजही 'शतकातला सामना' म्हणतात. हंगाम संपल्यावर वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत नेब्रास्का पहिला, ओक्लाहोमा दुसरा आणि कोलोराडो तिसरा होता. तिघेही 'बिग एट' या एकाच आठ-संघी गटातले होते. देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवरची श्रीमंत शहरे सोडून मधल्या गवताळ पठारावरची तीन विद्यापीठे त्या वर्षी देशात सर्वांत पुढे होती. ज्याने हे तरुणपणी पाहिले, त्याला आपले गाव जगाच्या केंद्रस्थानी आहे असे वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

डिव्हेनी यांच्या जागी १९७३ मध्ये त्यांचेच सहायक टॉम ऑस्बॉर्न आले आणि पंचवीस हंगाम राहिले. ते नेब्रास्कातच जन्मलेले, शांत आणि मोजके बोलणारे होते. पंचवीसपैकी एकाही हंगामात त्यांच्या संघाने नऊपेक्षा कमी सामने जिंकले नाहीत. एकूण आकडे आहेत २५५ विजय, ४९ पराभव आणि ३ बरोबऱ्या. तरीही पहिली एकवीस वर्षे त्यांना राष्ट्रीय विजेतेपद मिळाले नाही, आणि ते सर्वांत जवळून निसटले २ जानेवारी १९८४ च्या रात्री.

त्या काळी विजेता ठरवण्यासाठी आजच्यासारखी बाद फेरी नव्हती. हंगामाच्या शेवटी काही निमंत्रित सामने होत आणि त्यानंतर पत्रकार व प्रशिक्षक मतदान करून पहिला क्रमांक ठरवत. बारा सामने सलग जिंकून आलेला नेब्रास्का ऑरेंज बोल या निमंत्रित सामन्यात मायामीविरुद्ध, मायामीच्याच मैदानावर खेळत होता. शेवटचे मिनिट चालू असताना नेब्रास्काने टचडाउन केला आणि गुणफलक ३१-३० झाला. लाथेने एक गुण घेतला असता, तर सामना बरोबरीत सुटला असता. जादा वेळेची पद्धत तेव्हा नव्हती, संघ अपराजित राहिला असता आणि मतदारांनी बहुधा त्यालाच विजेता ठरवले असते. ऑस्बॉर्न यांनी दोन गुणांचा प्रयत्न करायचे ठरवले. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, टर्नर गिल याने फेकलेल्या चेंडूला मायामीच्या एका बचावपटूचे बोट लागले आणि सामना तिथेच गेला. गंमत नाही, हे खरे आहे की नेब्रास्कातले जुने चाहते त्या पराभवाबद्दल अनेक विजयांपेक्षा जास्त अभिमानाने बोलतात. बरोबरी घेऊन विजेतेपद स्वीकारण्यापेक्षा जिंकायला जाऊन हरणे त्यांना आपल्या स्वभावाचे वाटले. मला स्वतःला या सगळ्या इतिहासात हाच क्षण सर्वांत मोठा वाटतो.

पुढे यश भरभरून आले. १९९३ ते १९९७ या पाच हंगामांत संघाने ६० सामने जिंकले आणि फक्त तीन गमावले. १९९४, १९९५ आणि १९९७ ची राष्ट्रीय विजेतेपदे मिळाली, त्यांतले शेवटचे मिशिगनबरोबर विभागून. १९९५ च्या हंगामातल्या अंतिम सामन्यात फ्लोरिडाचा ६२-२४ असा पराभव झाला, आणि त्यात क्वार्टरबॅक टॉमी फ्रेझियर अंगाला झोंबणाऱ्या बचावपटूंना झटकत ७५ यार्ड धावला, ते चित्रीकरण आजही घरोघर पाहिले जाते. त्या संघाला अनेक जाणकार महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासातला सर्वोत्तम संघ मानतात. १९९७ च्या विजेतेपदानंतर ऑस्बॉर्न निवृत्त झाले.

त्यानंतरची उतरण थोडक्यात सांगता येते. ऑस्बॉर्न यांचे उत्तराधिकारी फ्रँक सोलिच यांनी सहा हंगामांत ५८ सामने जिंकले, १९ गमावले आणि १९९९ मध्ये गटविजेतेपद मिळवले. ते नेब्रास्काचे आजवरचे शेवटचे गटविजेतेपद आहे. २००३ मध्ये नऊ विजय आणि तीन पराभव झालेले असताना त्यांना काढून टाकण्यात आले. पुढच्याच वर्षी, १९६१ नंतर पहिल्यांदा, संघाने जिंकले त्यापेक्षा जास्त सामने गमावले आणि सलग ३५ वर्षे निमंत्रित सामना खेळण्याची परंपरा तुटली. एकामागून एक प्रशिक्षक आले आणि गेले. २०१७ ते २०२३ या सात हंगामांत संघ एकदाही निमंत्रित सामन्यापर्यंत पोहोचला नाही. २०२४ मध्ये सात विजय मिळाले, हंगामाअखेरीच्या सामन्यात बॉस्टन कॉलेजला २०-१५ असे हरवले, आणि त्याचे राज्यभर जे समाधान व्यक्त झाले, ते ऑस्बॉर्न यांच्या काळात कोणाच्या कल्पनेतही बसले नसते.

आता या हळहळीकडे वळू. मराठीत 'नॉस्टॅल्जिया'साठी दोन शब्द वापरले जातात आणि दोघांचा कल वेगळा आहे. 'स्मरणरंजन' म्हटले की जुन्या गोष्टी आठवून मिळणारे सुख डोळ्यांसमोर येते. 'गतकातरता' म्हटले की गेलेल्या दिवसांसाठी होणारी कासाविशी. मूळ शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्याने बाझेल विद्यापीठातल्या प्रबंधात घडवला आणि तो रोगाचे नाव म्हणून घडवला होता. घरापासून दूर राहणाऱ्या स्विस माणसांना घरच्या ओढीने येणारे आजारपण त्याला सांगायचे होते. आज कोणी त्याला रोग मानत नाही, पण घरापासून तुटल्याची मूळ छटा त्या शब्दात शिल्लक आहे. नेब्रास्काच्या चाहत्याची अवस्था चमत्कारिक आहे, कारण तो घर सोडून कुठेही गेलेला नाही. तो त्याच स्टेडियममध्ये, बहुधा वडिलांकडून आलेल्या त्याच आसनावर बसलेला आहे आणि घरच त्याच्यापासून दूर गेले आहे.

मनाचा भाग असा. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना वारंवार आढळले आहे, की वयस्कर माणसांना स्वतःच्या आयुष्यातल्या इतर कोणत्याही काळापेक्षा साधारण दहा ते तीस या वयातल्या घटना जास्त संख्येने आणि जास्त स्पष्टपणे आठवतात. पहिली नोकरी, पहिले प्रेम, घराबाहेर पडणे हे सगळे तेव्हाच घडते आणि त्याच्या आसपासचे सगळे त्याबरोबर मनात कोरले जाते. आज सत्तरीला आलेला चाहता १९७१ मध्ये सोळा-सतरा वर्षांचा होता. आज पन्नाशीतला चाहता १९९५ मध्ये विशीत होता. म्हणजे नेब्रास्कात लागोपाठ दोन पिढ्यांच्या तारुण्याचा काळ आणि संघाच्या वैभवाचा काळ एकावर एक येऊन बसले. फार थोड्या संघांच्या वाट्याला असा योग आला असेल. त्यामुळे चाहता जेव्हा 'तेव्हाची मजा वेगळी होती' म्हणतो, तेव्हा तो संघाबद्दल बोलतो आहे की स्वतःच्या विशीबद्दल, हे त्यालाही वेगळे करता येत नाही.

दुसरी गोष्ट 'आम्ही' या शब्दाची. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फुटबॉलसाठी नावाजलेल्या सात विद्यापीठांत सोमवारी विद्यार्थी काय घालून येतात, याची नोंद केली. शनिवारी संघ जिंकला असेल, तर विद्यापीठाचे नाव असलेले कपडे जास्त दिसत. सामन्याबद्दल विचारले, तर विजयानंतर विद्यार्थी 'आम्ही जिंकलो' म्हणत आणि पराभवानंतर 'ते हरले' म्हणण्याकडे झुकत. दुसऱ्याच्या तेजात आपण उजळून निघणे ही माणसाची साधी गरज आहे, आणि ज्या राज्याची बाहेरच्यांना विमानाच्या खिडकीतून दिसणाऱ्या शेतांपलीकडे ओळख नाही, तिथे ती अधिक तीव्र असणार. पण नेब्रास्कात एक गोष्ट या निष्कर्षाच्या विरुद्ध जाते. गेली वीस वर्षे 'ते' म्हणण्याची सगळी कारणे उपलब्ध असूनही तिथला जुना चाहता 'आम्ही'च म्हणतो. याचे उत्तर मला मनाच्या खेळात सापडत नाही. ते संघ ज्या पद्धतीने उभा राहिला होता, त्या पद्धतीत सापडते.

त्या पद्धतीचा कणा म्हणजे 'वॉक-ऑन' खेळाडू. अमेरिकेत विद्यापीठे चांगल्या खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊन बोलावतात. जो शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःच्या खर्चाने शिकत संघात जागा मिळवण्यासाठी येतो, तो वॉक-ऑन. १९७३ मध्ये महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने फुटबॉलच्या शिष्यवृत्त्यांवर १०५ ची मर्यादा घातली, १९७८ मध्ये ती ९५ केली आणि १९९४ पर्यंत टप्प्याटप्प्याने ८५ वर आणली. श्रीमंत विद्यापीठांनी गुणी मुले साठवून ठेवू नयेत, हा त्यामागचा हेतू होता. बहुतेक संघ या मर्यादेत आकसले. ऑस्बॉर्न यांनी मात्र नेब्रास्काच्या गावागावांतल्या मुलांसाठी दार उघडे ठेवले. शिष्यवृत्तीचे खेळाडू अधिक वॉक-ऑन मिळून संघाची संख्या दीडशेच्या आसपास जाई. एवढ्या मुलांना नुसते बाकावर बसवायचे नाही, म्हणून सराव एकाच वेळी अनेक ठिकाणी विभागून चाले आणि तिसऱ्या-चौथ्या फळीतल्या मुलालाही रोज प्रत्यक्ष खेळायला मिळे. वजन उचलण्याचा व्यायाम फुटबॉलपटूला जड आणि मंद करतो, असा समज होता त्या काळात, १९६९ मध्येच, नेब्रास्काने बॉइड एप्ली यांना केवळ शक्तिवर्धनाचे प्रशिक्षक म्हणून नेमले होते. गावातून आलेला, हाडापेराने मजबूत पण कच्चा मुलगा तीन-चार वर्षे त्यांच्या व्यायामशाळेत घडे आणि शेवटच्या एक-दोन हंगामांत मैदानावर उतरे.

याचा परिणाम आकड्यांत मोजता येणार नाही इतका खोल होता. काही शे वस्तीच्या ब्रेनर्ड गावातून माकोविका कुटुंबातले भाऊ एकामागून एक संघात आले, आणि त्यांच्यातला जोएल पुढे व्यावसायिक संघापर्यंत पोहोचला. अशी मुले ज्या गावांतून येत, तिथे शनिवारी रेडिओ लागे तो 'आपल्या' मुलासाठी. रेडिओ म्हणण्याचे कारण असे, की १९८४ पर्यंत कोणता संघ दूरचित्रवाणीवर किती वेळा दिसणार, हे एनसीएए ठरवत असे आणि बहुतेक सामने दिसतच नसत. तेव्हा एखादा शेतकरी मक्याच्या कापणीच्या यंत्रावर बसून समालोचन ऐके. ज्या अकरा जणांचे वर्णन चालू असे, त्यांतला एखादा त्याच्या पुतण्याच्या वर्गातला किंवा शेजारच्या गावचा असे. म्हणून 'आम्ही' हा शब्द तिथे उसना नव्हता.

कणा वॉक-ऑन असतील, तर हात-पाय 'ऑप्शन' या आक्रमणपद्धतीचे होते. यात क्वार्टरबॅक चेंडू घेऊन मैदानाच्या कडेकडे धावतो आणि समोरच्या एका बचावपटूला मुद्दाम कोणीही अडवत नाही. तो बचावपटू क्वार्टरबॅकवर झेपावला, तर चेंडू बाजूने धावणाऱ्या साथीदाराकडे टाकायचा. तो साथीदाराकडे वळला, तर स्वतःच पुढे घुसायचे. निर्णय क्षणाच्या अंशात घ्यायचा असतो आणि तो अचूक होण्यासाठी वर्षानुवर्षांची घोटणी लागते. या पद्धतीला अतिवेगवान, उंचपुरे आणि देशभरातून हेरून आणलेले झेलपटू फारसे लागत नाहीत. समोरच्याला हटवणारी भक्कम फळी लागते, आणि ती गावाकडच्या मुलांतून घडवता येत होती. म्हणजे साधनांच्या कमतरतेतून ही पद्धत उभी राहिली होती. २००४ मध्ये व्यावसायिक फुटबॉलमधून आलेल्या बिल कॅलाहन यांनी ती टाकून चेंडू फेकण्यावर आधारलेली शैली आणली. बाहेरच्यांना तो एक तांत्रिक बदल वाटला. जुन्या चाहत्यांना आपली बोली कोणी बंद केल्यासारखे वाटले.

आणि मग ओक्लाहोमा. कित्येक दशके दरवर्षी हंगामाच्या अखेरीस नेब्रास्का आणि ओक्लाहोमा यांची गाठ पडे. ती का थांबली, याचे उत्तर १९८४ च्या एका न्यायनिर्णयात आहे. दूरचित्रवाणीचे हक्क एनसीएएच्या हाती एकवटणे बेकायदा आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. या खटल्यातला एक वादी ओक्लाहोमा विद्यापीठच होते. तेव्हापासून विद्यापीठे आणि त्यांचे गट आपले हक्क स्वतः विकू लागले, मोठ्या शहरांतले प्रेक्षक ज्याच्याकडे त्याला जास्त पैसे मिळू लागले आणि गट फुगत गेले. १९९६ मध्ये बिग एटमध्ये टेक्सासमधली चार विद्यापीठे येऊन 'बिग १२' झाला, त्याचे दोन विभाग झाले, नेब्रास्का आणि ओक्लाहोमा वेगवेगळ्या विभागांत गेले, आणि १९९८ पासून दरवर्षीचा सामना बंद झाला. २०११ मध्ये नेब्रास्का तो गटही सोडून 'बिग टेन'मध्ये गेला. त्याला आर्थिक कारण होते आणि ते भक्कम होते. पण २०२४ पासून त्या गटात अठरा विद्यापीठे आहेत आणि त्यांतली दोन लॉस एंजेलिसमध्ये, लिंकनपासून दोन हजार किलोमीटरवर. नॉर्मनला सकाळी गाडीने निघून संध्याकाळी पोहोचता येत असे. ज्या शेजाऱ्याशी आयुष्यभर चुरस केली, तो शेजारी निघून गेला की चुरशीच्या आठवणी सांगायलाही समोर कोणी उरत नाही. २०२१ आणि २०२२ मध्ये दोन सामने पुन्हा झाले, ओक्लाहोमाने दोन्ही जिंकले, आणि जुने चाहते तरीही त्यासाठी तिकिटे काढून गेले.

इतके सांगितल्यावर, या आठवणी काय वगळतात तेही सांगणे मला आवश्यक वाटते. 'आमच्या गावची मुले' ही गोष्ट खरी असली, तरी अपुरी आहे. टॉमी फ्रेझियर फ्लोरिडाचा, टर्नर गिल टेक्सासचा आणि १९८३ चा हाइझमन पुरस्कार, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवणारा माइक रोझियर न्यू जर्सीचा. संघाचे भाग्य बदलणारे अनेक जण दूरच्या राज्यांतून आलेले कृष्णवर्णीय तरुण होते, आणि स्टेडियममध्ये लाखो डॉलर जमत असताना त्यांना शिष्यवृत्तीपलीकडे काहीही मिळत नव्हते. १९९५ च्या ज्या संघाला सर्वोत्तम म्हणतात, त्याच संघातल्या लॉरेन्स फिलिप्स या आघाडीच्या धावपटूला त्या सप्टेंबरमध्ये पूर्वीच्या मैत्रिणीला मारहाण केल्याबद्दल अटक झाली. ती तरुणी त्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी होती. ऑस्बॉर्न यांनी त्याला निलंबित केले, पण हंगाम संपण्याआधी परत घेतले आणि तो विजेतेपदाच्या सामन्यात खेळला. संघाबाहेर काढले तर हा मुलगा पूर्ण भरकटेल, अशी ऑस्बॉर्न यांची भूमिका होती. देशभरातून त्यावर कठोर टीका झाली. ती टीका रास्त होती, असे मी मानतो. ६२-२४ हा आकडा आठवताना ही बाजू गाळली, तर ती आठवण खोटी ठरते.

आठवणींचे परिणाम वर्तमानावरही होतात, आणि नेब्रास्काने त्याची मोठी किंमत मोजली आहे. सोलिच यांना नऊ विजयांनंतर काढले गेले, कारण मोजपट्टी १९९५ ची होती. नंतरचे एक प्रशिक्षक बो पेलिनी यांनी २००८ ते २०१४ या सातही हंगामांत किमान नऊ सामने जिंकले आणि तरी त्यांना जावे लागले. त्यानंतर २०१८ मध्ये भूतकाळालाच बोलावून आणण्यात आले. स्कॉट फ्रॉस्ट हा नेब्रास्कातल्या वुड रिव्हर या छोट्या गावचा मुलगा, १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक. त्या वर्षी मिझुरीविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी त्याने फेकलेला चेंडू एका साथीदाराच्या पायाला लागून उडाला आणि मॅट डेव्हिसन या नवख्या खेळाडूने तो जमिनीपासून वितभर वर असताना झेलला. सामना बरोबरीत आला, जादा वेळेत जिंकला आणि विजेतेपद वाचले. प्रशिक्षक म्हणूनही फ्रॉस्ट फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाला तेराच्या तेरा सामने जिंकून देऊन आला होता. त्याच्या येण्याने राज्यात जो आनंद झाला, तो पाहुण्याच्या स्वागताचा नव्हता, मुलगा घरी परतल्याचा होता. पहिले सहा सामने संघ हरला. २०२१ मध्ये नऊ पराभव झाले आणि नऊही एकअंकी फरकाने. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याला काढले, तेव्हा त्याच्या खात्यावर १६ विजय आणि ३१ पराभव होते. माणूस जुनाच होता, पण त्याच्या तरुणपणीच्या संघाला उभे करणारे नियम, शेजारी आणि सवडीने घडवण्याची मुभा यांपैकी काहीच त्याच्याबरोबर परत आले नव्हते.

कारण मधल्या काळात उरलेसुरले आधारही सरकले होते. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचा आणि प्रतिमेचा मोबदला घेण्याची परवानगी मिळाली. त्याच वर्षापासून एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाऊन वर्षभर न थांबता खेळता येऊ लागले. २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या एका तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, आणि पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठाची त्याची कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. खेळाडूंच्या दृष्टीने हा उशिरा मिळालेला न्याय आहे. ज्यांच्या अंगमेहनतीवर हे सगळे उभे होते, त्यांना वाटा मिळायलाच हवा होता. मात्र चौथ्या वर्षी चमकण्यासाठी तीन वर्षे गुमान घडत राहणारा खेळाडू आता दुर्मीळ होणार. त्याच तडजोडीत आणखी एक कलम आले: शिष्यवृत्त्यांवरची मर्यादा गेली आणि तिच्या जागी संपूर्ण फुटबॉल संघावर १०५ खेळाडूंची मर्यादा आली. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत पैसे होते. नेब्रास्कात मात्र १०५ हा आकडा अधिक लागला, कारण दीडशे मुलांच्या संघात शेवटची चाळीस-पन्नास मुले असत ती वॉक-ऑन. त्यांना पैसे नको होते, फक्त जागा हवी होती.

स्टेडियमची तिकिटे अजून संपतात. काही वर्षांपूर्वी ही मालिका तुटेल असे दिसले, तेव्हा देणगीदारांनी उरलेली तिकिटे विकत घेतली आणि ज्यांना ती परवडत नाहीत अशा मुलांना वाटली. पाहुणा संघ जिंकून मैदानाबाहेर जाऊ लागला, की प्रेक्षकांनी उभे राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवण्याची तिथली जुनी पद्धतही टिकून आहे. ३ नोव्हेंबर १९६२ च्या सामन्याला वडिलांचे बोट धरून आलेली मुले आज सत्तरीच्या आसपास आहेत, आणि त्यांतली काही आता नातवंडांना घेऊन येत असतील. त्या दिवशी, सुमारे छत्तीस हजार प्रेक्षकांसमोर, मिझुरीने नेब्रास्काला १६-७ असे हरवले होते. पुढच्या सामन्याचीही सगळी तिकिटे गेली.